दोर कोठे शे? : चित्रातला बांधलेला प्राणी

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास सुरू केला की पहिल्या महिन्यात एकच गोष्ट डोक्यात भरवली जाते: दिसलं तेवढं लिहा, वाटलं ते लिहू नका. गोठ्यातला बैल मान खाली घालून उभा आहे, तर ‘उभा, मान खाली, रवंथ नाही’ एवढंच लिहायचं. ‘बैल उदास आहे’ असं लिहिलं की गाईड ते खोडून टाकतात. उदास आहे की नाही हे शेवटी ठरेल, नोंदींचा ढीग झाल्यावर. त्यासाठी आधी एक यादी करावी लागते. बसणं, उठणं, शेपटी हलवणं, कान मागे घेणं, गव्हाणीला मान घासणं अशी. या यादीला इथोग्राम म्हणतात. मी मराठीत तिला वर्तन-सूची म्हणते.

ही सवय एकदा लागली की गोठ्यापुरती राहत नाही. मध्यंतरी जळगावात तरुण चित्रकारांचं एक प्रदर्शन पाहायला गेले होते. बरीचशी चित्रं बंधन आणि मुक्ती या विषयावरची, आणि त्यातल्या निम्म्यांत तरी कुठला ना कुठला प्राणी. पिंजऱ्यातून सूर्याकडे झेपावणारा पोपट. साखळी तोडणारा घोडा. गजांमागून बघणारे वाघाचे डोळे. चित्रं देखणी होती, हात तयार होते. पण मी मनातल्या मनात वर्तन-सूची भरायला लागले आणि पंचाईत झाली. भरायला काही सापडेचना.

पोपटाचंच घ्या. चित्रातला पोपट पिंजऱ्याच्या दारातून निघून बाणासारखा वर चाललेला. आता बरेच दिवस कोंडलेल्या पोपटाच्या छातीचे उडायचे स्नायू वापर नसल्याने कमजोर पडतात. दार उघडलं तरी तो बहुतेक वेळा दारातच बसून राहतो, नाहीतर फडफडत चार हातांवर खाली येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट पाळता येत नाही. पण जप्त केलेले पोपटसुद्धा लगेच सोडून देता येत नाहीत, आधी त्यांना उडण्याची सवय परत लावावी लागते. म्हणजे चित्रकाराला पोपट नकोच होता. त्याला वर जाणारी एक हिरवी रेष हवी होती आणि तिला त्याने चोच लावली.

कुणी म्हणेल, ‘अगं, हे प्रतीक आहे, प्राणिशास्त्राचं पुस्तक नाही.’ मान्य. प्रतीकाने शरीरशास्त्राची परीक्षा द्यावी असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. प्राणी प्रतीक होण्याआधी प्राणी असायला हवा, नाहीतर प्रतीक पोकळ राहतं. आणि चित्र बंधनाचं असेल, तर दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे याचा चित्राने विचार केलेला असायला हवा. हे मला कुठल्या कलासमीक्षकाने शिकवलं नाही. आमच्या नानांनी शिकवलं. ते कसं, ते पुढे सांगते.

बांधून पाडलेला बैल

तैयब मेहता यांचं ‘ट्रस्ड बुल’ हे १९५६ चं चित्र. ट्रस्ड म्हणजे पाय एकत्र आवळून बांधलेला. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईच्या लिलावात ते ६१ कोटी ८० लाखांना गेलं, तेव्हा सगळीकडे त्याचा फोटो फिरत होता. सुट्टीत धुळ्याकडे गावी गेले होते, तेव्हा तो फोटो मी नानांना मोबाइलवर दाखवला. नाना म्हणजे माझे थोरले काका. आयुष्यभर बैल राखलेला माणूस. किंमत ऐकून ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी किमतीकडे लक्षच दिलं नाही. मोबाइल लांब धरून, डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, “दोर कोठे शे?”

हा प्रश्न का पडला हे खेड्यातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. बैलाला पत्री मारायची, म्हणजे खुरांना नाल ठोकायची, तर आधी बैल पाडावा लागतो. अंगाभोवती दोर टाकून ओढला की बैल गुडघ्यावर येतो, मग कुशीवर पडतो. चारी पाय एकत्र बांधतात. एकजण शिंगं धरून मानेवर जोर देतो. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, अशा आठ पत्र्या. नालबंदाचा हात चपळ असावा लागतो, कारण रवंथ करणारं जनावर कुशीवर फार वेळ पाडून ठेवता येत नाही. पोटातला वायू ढेकरेवाटे बाहेर पडत नाही आणि पोट फुगायला लागतं. सुरुवातीला बैल जोर लावतो, मग एकदम थांबतो. बघणारे म्हणतात, ‘झाला शांत.’ पण दरवेळी ती शांतता असेलच असं नाही. सुटता येत नाही हे कळल्यावर शिकार होणारे अनेक प्राणी हालचाल बंद करतात, आत भीती असतेच. डोळ्याकडे बघा. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००२ साली दुभत्या गायींवर दाखवलं की गाय अडलेली, वैतागलेली असली की डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसतो. आमचे नाना हे शोधनिबंधाशिवाय ओळखतात.

आता तैयब यांच्या चित्राकडे परत. मूळ चित्र मी पाहिलेलं नाही, छापील प्रत आणि पडद्यावरची प्रतिमाच पाहिली आहे. तरी एवढं कळतं की तिथे दोरी चटकन सापडत नाही. मान, धड, पाय एकमेकांत असे गुंतलेत की बैलाच्या शरीराचीच गाठ झाली आहे. माणूसही नाही, नालबंद नाही, शिंगं धरणारा नाही. पण वर्तन-सूची भरायला घेतली तर पटापट भरते: कुशीवर, पाय पोटाशी, मान ताणलेली, वजन जमिनीवर टेकलेलं. हा बैल चित्रकाराने पाहिलेला आहे. तैयब वांद्र्याच्या कत्तलखान्यात जाऊन स्केचेस करायचे. पुढे १९७० मध्ये त्यांनी ‘कूडल’ नावाचा लघुपट केला, त्यातही त्या कत्तलखान्यातली दृश्यं आहेत.

या बैलाबद्दल ते स्वतः मुलाखतीत बोलले होते. एवढी प्रचंड ताकद असलेलं जनावर बांधून पाडलेलं, यात त्यांना देशाची अवस्था दिसली, आणि ज्या घट्ट बांधलेल्या समाजात ते वाढले त्याची घुसमटही. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाने एका तरुणाला मारलेलं पाहिलं होतं, हेही त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे प्रतीक आहेच. पण ते बैलाच्या पाठीवर बाहेरून लादलेलं नाही, त्याच्या स्नायूंतून वर आलेलं आहे. फरक इथे आहे.

आणि दोरी? नानांचा प्रश्न मी बरेच दिवस घोळवत होते. मला वाटतं, दोरी आणि दोरी धरणारा माणूस चित्राबाहेर ठेवणं ही त्या चित्राची ताकद आहे. पत्री मारताना पाडलेला बैल थोड्या वेळाने सुटतो, अंग झाडून उठतो, चालायला लागतो. कत्तलखान्यात पाडलेला उठत नाही. पाडायची रीत जवळपास तीच. दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात, त्यावरून ठरतं की पुढे काय होणार. चित्रात तो हात नाही, म्हणून बैल कायमचा त्या दोन शक्यतांच्या मध्ये पडून राहतो, आणि मोकळी जागा उरते ती फक्त बघणाऱ्याच्या हाताला. नाना म्हणाले ते इतकंच, की दोर नसताना बैल असा पडत नाही. बरोबर आहे. दोर आहेच, फक्त तो आपल्याकडे आहे.

लगाम नसलेला घोडा

बंधनाचं प्रतीक म्हणून बैल, तसा मुक्तीचं प्रतीक म्हणून घोडा. आणि आधुनिक भारतीय चित्रकलेत घोडा म्हटलं की एम. एफ. हुसेन. जन्म पंढरपूरचा, बालपण बरंचसं इंदूरचं. त्यांच्या घोड्यांबद्दल लिहिताना ‘बेलगाम’, ‘मुक्त’, ‘स्वच्छंद’ हे शब्द इतके वापरले गेलेत की घोडा दिसायच्या आधी विशेषणच दिसतं.

खानदेशातल्या माणसाला घोडा बघायला लांब जायला नको. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे घोडे अगाडी-पिछाडी लावून उभे असतात. पुढे दोर, मागच्या पायांनाही दोर. गिऱ्हाईक दात बघतं, चाल बघतं. ढोलावर घोडा नाचवून दाखवतात, तेव्हा मान उंच आणि तोंड उघडं असेल तर लोक वाहवा करतात. माझ्या सूचीत मात्र हीच लक्षणं दुसऱ्या रकान्यात जातात. मान वर फेकणं, तोंड उघडणं, कान मागे, नाकपुड्या फुगलेल्या. घोडा तोंडातल्या लोखंडी लगामाला विरोध करतो तेव्हा, किंवा घाबरतो तेव्हा, तो असंच करतो. निवांत चरणाऱ्या मोकळ्या घोड्याची मान खाली असते, ओठ सैल असतो, आणि बऱ्याचदा एक मागचा पाय टेकवून तो नुसता उभा असतो. त्याचं चित्र कुणी काढत नाही, कारण त्यात डौल नाही.

आता हुसेन यांचे घोडे आठवा. मागे वळलेली मान, उघडं तोंड, ताणलेलं अंग. लगाम नाही, खोगीर नाही, पुष्कळदा स्वारही नाही. आपण बघून म्हणतो, मोकळा घोडा. सूची म्हणते, घाबरलेला किंवा दुखावलेला घोडा. लगाम काढलाय, पण तोंड अजून लगाम विसरलेलं नाही.

हे मी ओढूनताणून म्हणत नाही. हुसेन यांच्या घोड्यांची एक मुळी चीनच्या जुन्या मातीच्या घोड्यांपर्यंत जाते, एक इटलीच्या मारिनो मारिनी या शिल्पकारापर्यंत. पण सगळ्यात जुनी मुळी इंदूरच्या मोहरमच्या मिरवणुकीत आहे. तिथे लहानपणी त्यांनी दुलदुलचा घोडा पाहिला होता. करबलाच्या कथेत इमाम हुसेन मारले जातात आणि घोडा स्वाराशिवाय परत येतो. म्हणजे त्या परंपरेत स्वार नसलेला घोडा मुक्तीची खूण नाहीच, तो शोकाची खूण आहे. त्याच्या पाठीवर कुणी नाही, कारण जो होता तो गेला. हे कळल्यावर ती मागे फेकलेली मान वेगळीच दिसते. २००६ मध्ये हुसेन यांनी देश सोडला, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ मध्ये लंडनला गेले ते कायमचेच. परदेशातही ते घोडे रंगवत राहिले. त्या घोड्यांना ‘स्वच्छंद’ म्हणण्याआधी आपण जरा थांबायला हवं.

एक तक्रार मात्र आहे. हुसेन यांनी घोडे फार काढले, आणि पुढच्या बऱ्याच घोड्यांत ही भीतीही राहिली नाही, राहिलं ते फक्त वळण. तिथे घोडा सही झाला. तैयब यांनीही बैल पुन्हापुन्हा काढला, पण त्याची अवस्था बदलत गेली: १९९९ च्या एका चित्रात तर बैल रिक्षावर आहे. ओझं ओढणाऱ्यालाच ओझं करून नेलंय. त्यात पुनरावृत्ती नाही, पुढची पायरी आहे.

सुटलेला हत्ती कुठे जातो

मग मोकळा प्राणी खरोखर कुणी रंगवलाच नाही का? मला त्याचं उत्तर समकालीन चित्रात सापडलं नाही. सापडलं ते जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर, अजिंठ्याला.

सतरा नंबरच्या गुंफेत मातृपोषक जातक रंगवलेलं आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. गोष्ट अशी: एक पांढरा हत्ती जंगलात आपल्या आंधळ्या आईला सांभाळतो. जंगलात वाट चुकलेल्या एका माणसाला तो पाठीवर घेऊन बाहेर सोडतो. तोच माणूस राजाला हत्तीचा ठावठिकाणा सांगतो आणि हत्ती पकडला जातो. राजवाड्यात त्याच्यासमोर उत्तम खाणं ठेवतात, तो तोंड लावत नाही. राजा कारण विचारतो, आईचं कळतं, आणि राजा त्याला सोडून देतो. हत्ती थेट आईकडे जातो आणि सोंडेने तिच्या अंगावर पाणी घालतो.

या गोष्टीत दोरीची दोन्ही टोकं दिसतात. बांधणारा कोण, ते माहीत आहे: ज्याला हत्तीने वाट दाखवली तोच. बंधन कसं ओळखायचं, तेही सांगितलंय, आणि वर्तनातूनच सांगितलंय: हत्ती साखळी तोडत नाही, डरकाळ्या फोडत नाही, तो फक्त खात नाही. बंदिस्त प्राण्याचं हे अगदी अचूक निरीक्षण आहे. नव्याने पकडलेली कितीतरी जनावरं आधी खाणं सोडतात. देवळांत, सर्कशीत साखळदंडाने बांधलेला हत्ती एकाच जागी डावीकडे-उजवीकडे झुलत राहतो, तेही असंच. लोकांना वाटतं तो डोलतोय. पण निरर्थक, तीच ती हालचाल पुन्हापुन्हा करणं हे कोंडल्या जागेत पडलेलं वळण असतं.

आणि सुटल्यावर? सूर्याकडे झेप नाही. हत्ती घरी जातो, परत एका जबाबदारीत. जन्माने मिळालेल्या बंधनाकडे जाण्यासाठी लादलेलं बंधन सुटायला हवं होतं, एवढीच त्याची मुक्ती. हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने गेल्या शतकात हेच दुसऱ्या वाटेने मांडलं. तो स्वतः प्राणिसंग्रहालयं चालवणारा माणूस. त्याचं म्हणणं, जंगलातला प्राणीही आपल्याला वाटतो तसा ‘स्वतंत्र’ नसतो. तो आपल्या हद्दीला, पाणवठ्याला, कळपाला, ऋतूला बांधलेला असतो. या म्हणण्याचा आधार घेऊन पिंजऱ्यांचं समर्थनही झालं, ते मला पटत नाही. पण चित्रकारांसाठी त्यात एक धडा आहे. मोकळा प्राणी म्हणजे कशालाच न बांधलेला प्राणी नव्हे, तर ज्याला बांधून घ्यायचं त्यालाच बांधलेला प्राणी. अजिंठ्याच्या चित्रकाराला हे ठाऊक होतं. जळगावच्या त्या प्रदर्शनातल्या पोपटाला जायला घरच नव्हतं.

सुटलेला बैल कुठे जातो

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता चित्रातला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जूवाने घासलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही, शिंगांना रंग, पाठीवर झूल. वर्षातला तो एक दिवस मोकळा. पूर्वी पोळ्याचं चित्र काढणारे कितीतरी विद्यार्थी होते, अजूनही आहेत. पण आमच्या गल्लीत आता पोळ्याला मातीचे बैल जास्त आणि खरे कमी. ट्रॅक्टर आला. बैल कामातून सुटला, म्हणजे शब्दशः मुक्त झाला. पण काम नसलेल्या बैलाला चारा कोण घालणार? २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हातारा बैल ठेवायचा तर खर्च, सोडायचा तर रस्ता. दोरी सुटलेला बैल हायवेवर उभा असतो.

नानांनी शेवटची जोडी दोन वर्षांपूर्वी विकली. घेणारा ओळखीचा होता, पुढे औताला लावणारा होता, म्हणून विकली. वेसण, कासरा, दावं अजून भिंतीच्या खुंटीवर आहे. तैयब यांच्या बैलाचा फोटो बघून त्यांनी दोर का विचारला, हे मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. आता वाटतं, त्यांना ठाऊक होतं की दोरी म्हणजे नुसतं बंधन नसतं. तिच्या एका टोकाला बैल असतो आणि दुसऱ्या टोकाला तो माणूस, जो बैलाला पाणी पाजायला बांधील असतो. दुसरं टोक सोडून दिलं की बैल मोकळा होतो का बेवारशी, हे ठरवणं सोपं नाही.

आमच्या भागातल्या तरुण चित्रकारांनी हे रंगवावं असं मला मनापासून वाटतं. पिंजरा आणि पोपट पुरे झाले. हायवेवरचा बैल रंगवा, अगाडी-पिछाडीतला सारंगखेड्याचा घोडा रंगवा, खुंटीवरची वेसण रंगवा. रंगवण्याआधी तासभर नुसतं जनावराजवळ बसा. दर दहा मिनिटांनी एक ओळ लिहा: उभा, कान पुढे, रवंथ चालू. प्रतीक आपोआप येईल, त्याला बोलवावं लागणार नाही.

पुढच्या लेखात परत आकडे आणि तक्ते: गोठ्यातल्या बैलांच्या रवंथाच्या नोंदी कशा घेतल्या आणि त्यात कुठे चुकले, ते लिहीन.